पाठीमागचे पाच ग्रॅम

टेबल टेनिसच्या चेंडूचे वजन २.७ ग्रॅम असते. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण बॅटीच्या मागच्या रबरातल्या ज्या पाच ग्रॅमांपायी माझे दोन महिने, साडेतीन हजार रुपये आणि घरातली उरलीसुरली पत खर्ची पडली, ते जेमतेम दोन चेंडूंच्या वजनाएवढे होते, हे वाचकाने मागाहून शोधून काढून मला हसण्यापेक्षा आधीच हसून घेतलेले बरे.

मी पेनहोल्डवाला आहे. जगातले बहुसंख्य लोक बॅटीशी हस्तांदोलन करतात, तर आम्ही मोजके लोक तिला लेखणीसारखे धरतो. पुढून अंगठा आणि तर्जनी मुठीला कवेत घेतात आणि मागे उरलेली तीन बोटे बॅटीच्या लाकडाला टेकून बसतात. लिहिताना पेनचे वजन कोणाच्या ध्यानात येत नाही, पण पेनच्या टोकाला कोणी चपाती चिकटवली तर येईल. आमची मूठ आखूड असल्यामुळे बॅटीचा सारा भार पुढे, डोक्याकडे झुकलेला असतो आणि तो तळहाताला वा दंडाला फारसा न जाता दोन बोटांवर आणि मनगटावर येतो. भरलेला तांब्या काठाला दोन बोटांच्या चिमटीत धरून कोणी तासभर उजवीडावीकडे पळून पाहावे, म्हणजे माझे म्हणणे लगेच पटेल.

कॉलेजात असताना ही अडचण नव्हती. तेव्हाची माझी बॅट जपानी पद्धतीची, चौकोनी आणि एकाच अंगाला रबर असलेली होती. मागचे लाकूड उघडे होते आणि त्यावर बोटे सुखाने नांदत होती. फोरहँड असो वा बॅकहँड, चेंडू मारायचा तो पुढच्याच बाजूने, असा तो सरळ संसार होता. डाव्या अंगाला आलेला चेंडू मात्र नुसता अडवावा लागे, कारण त्या धरणीत मनगट त्या दिशेला वळतच नाही, आणि ही दुखरी नस गावातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असे. पुढे १९९०च्या दशकात लिऊ गुओलियांग या चिनी खेळाडूने मागच्या अंगालाही रबर लावून त्याने उलटा बॅकहँड मारायला सुरुवात केली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्ण नेले. मग त्याच्याच देशाच्या वांग हाओने तर डावी बाजू जवळजवळ पूर्णपणे त्या मागच्या रबरावरच सोपवली. मी तेव्हा घराचे हप्ते भरत असल्यामुळे ही क्रांती माझ्यापर्यंत पोहोचायला २०२४ साल उजाडले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये फेलिक्स लब्राँ हा सतरा वर्षांचा फ्रेंच मुलगा पेनहोल्ड धरून, मागच्या रबराने सपासप टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारे फटके, मारत एकेरीचे कांस्य जिंकताना मी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिला, आणि सतरा वर्षांच्या मुलाला जे जमते ते त्रेपन्न वर्षांच्या अनुभवी माणसाला का जमू नये, असा एक विचार मनात आला. असे विचार बसल्या जागी फार पटतात.

त्या विचाराच्या भरात मी दुहेरी रबराची चिनी धाटणीची बॅट घेतली. पुढे हरिकेन ३ हे चिनी, चिकट आणि दगडासारखे टणक रबर लावले, आणि मागे कोणते लावावे हे ठाऊक नसल्यामुळे मागेही तितकेच जाड आणि वजनदार रबर लावून घेतले. जेवायला बसलेल्या दोघांना सारखेच वाढावे, हा माझ्यावरचा संस्कार. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात असे दिसू लागले की तिसऱ्या गेमपर्यंत बॅटीचे नाक खाली लोंबू लागते आणि मनगट चेंडूच्या मागून, एस.टी. चुकलेल्या प्रवाशासारखे, धावत येते.

तेव्हा मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. प्लाय, म्हणजे बॅटीचे नुसते लाकूड, ८६ ग्रॅम, पुढचे रबर ५१, मागचे ४९, गोंद आणि कडेची पट्टी मिळून ३, असा १८९ ग्रॅमांचा ताळेबंद मी वाणसामानाच्या यादीमागे मांडला आणि मागच्या रबरातले पाच ग्रॅम कमी झाले पाहिजेत, असा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवला. केकसाठी मैदा मोजायला काट्याची वाट पाहत उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकला.

"अहो, बांगड्या करायच्या होत्या तेव्हा वीसच्या ऐवजी पंधरा ग्रॅमच्या कोणी करायला लावल्या? तुम्हीच म्हणालात ना, पाच ग्रॅमने मनगटाला काय कळतंय म्हणून?"

यावर उत्तर नव्हते. पाच ग्रॅम म्हणजे अर्ध्या तोळ्यालाही कमीच, असे त्या वेळी मी सराफासमोर म्हणालो होतो आणि सराफाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले होते तिचा अर्थ मला आता कळू लागला होता.

जिमखान्यात हा प्रश्न मी विश्वासाने एकाच गृहस्थांना सांगितला. ते बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे गुप्तता पाळतील असे वाटले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही टेबले रिकामी आणि सगळे सभासद माझ्या बॅटीभोवती, असे दृश्य होते. बँकेच्या गृहस्थांचे मत असे की रबराखालचा स्पंज पातळ घ्यावा, २.१ मिलिमीटरच्या जागी १.८ घेतला तर दोन-अडीच ग्रॅम तिथेच सुटतात. हे खरे आहे, पण पातळ स्पंजाला चेंडू धरून ठेवायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि माझ्या उलट्या बॅकहँडला तर जगातला सगळा वेळ हवा असतो.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा म्हणाला, "काका, जाडी कमी करू नका, स्पंज सॉफ्ट घ्या." मऊ स्पंज बहुधा हलका असतो, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. व्हेगा युरोपसारखी मऊ रबरे याच गुणामुळे पेनहोल्डवाल्यांच्या पाठीमागे लागलेली असतात. मग त्याने मला स्पंजाच्या टणकपणाच्या अंशांविषयी सांगायला घेतले आणि तिथे माझी मती गुंग झाली. चिनी रबरावर ३९ अंश लिहिलेले असते आणि जर्मन स्पंजावर ४७, तरी हाताला टणक लागते ते चिनी. कारण दोघांच्या मोजपट्ट्या निराळ्या. पूर्वी दर मुलखाची पायली वेगळी असायची म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय फार मऊ घेतले आणि जोरात मारले की चेंडू स्पंज पार करून थेट लाकडाला जाऊन भेटतो आणि फटक्यातला जीवच जातो. मी जोरात मारत नसल्यामुळे हा धोका मला नाही, असे त्या मुलाने मला धीर देण्यासाठी सांगितले.

तिसऱ्याने पिंपल्स सुचवले. बाहेर दाणे असलेली रबरे हलकी असतात आणि स्पंज नसलेले लांब दाण्यांचे रबर तर माझ्या रबराच्या निम्म्यावर येते. पण त्याने फिरकी घालण्यापेक्षा समोरच्याचीच फिरकी त्याला परत करणे साधते, आणि मला तर लब्राँसारखा टॉपस्पिन मारायचा होता. शेजारच्या दुकानात स्वस्त मिळते म्हणून गुळाच्या पोळीसाठी मीठ घ्यावे, तसे ते झाले असते.

सर्वांत मूलगामी सल्ला दिला तो आमच्या जिमखान्यातल्या नव्वदीच्या आजोबांनी. ते म्हणाले, "मागचं काढूनच टाक." त्यांचा मुद्दा असा की २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात वांग हाओच्या बॅटीला दोन्हीकडे रबर होते आणि कोरियाच्या रियू सुंग-मिनच्या बॅटीला एकीकडेच, सुवर्ण कोणी नेले? रियूने. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. रियू पायांनी विजेसारखा पळत येऊन डाव्या कोपऱ्यातूनही फोरहँड मारत असे आणि मी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत पुढची सर्व्हिस होते, हा फरक मला नम्रपणे सांगावा लागला. आजोबांनी तो मानला नाही. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा हिरोजी सातो हा जपानी पेनहोल्डवाला बॅटीला जाड स्पंज लावून आला आणि विजेतेपद घेऊन गेला, ही कथा मग ओघाने आलीच. तोपर्यंत दाण्यांच्या रबराचा टकटक आवाज ऐकून फटक्याचा अंदाज घेणारे भलेभले त्या मुक्या बॅटीपुढे गोंधळून गेले होते. नंतर नियम झाले आणि स्पंजासकट रबराची जाडी चार मिलिमीटरच्या आत आली. "त्या सातोनं काटा नव्हता लावला बॅटीला," आजोबा म्हणाले. लावला असण्याची शक्यता मला वाटते, पण नव्वदीच्या माणसाशी वाद कोण घालणार?

शेवटी मध्यम जाडीचे, मऊ, गुळगुळीत रबर घ्यायचे ठरले आणि मी दादरच्या एका दुकानात गेलो. खोकी पुष्कळ होती, पण वजन कशावरच लिहिलेले नव्हते. आणि एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच जाडीच्या दोन रबरांत दोन-चार ग्रॅमांचा फरक सहज असतो, हे ज्ञान मी जिमखान्यातून पदरात बांधून आणले होते. म्हणून मी पिशवीतून घरचा काटा काढून काउंटरवर ठेवला. दुकानदाराने आयुष्यात बरेच पाहिले असावे. त्याने काही न बोलता एकेक अख्खे, न कापलेले रबर पाकिटातून काढून काट्यावर ठेवायला सुरुवात केली आणि मी कोथिंबिरीची जुडी निवडावी तसा निवडू लागलो. लाल ६६, लाल ६५, लाल ६७. काळे मात्र ६१ भरले. मी हर्षभराने त्यावर हात ठेवला, तोच तो म्हणाला, "सर, पुढचं कोणत्या रंगाचं आहे?"

पुढचे काळे होते. एक बाजू काळी असेल तर दुसरी काळी चालत नाही. कोणत्या अंगाने चेंडू मारला हे समोरच्याला दिसले पाहिजे, म्हणून तो नियम आहे आणि तो न्याय्य आहे, एवढेच की त्या क्षणी तो मला फार जाचक वाटला. पुढचे बदलून लाल करावे तर आणखी एक रबर आणि आणखी काही हजार. माझा चेहरा पाहून दुकानदाराने खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढले. २०२१पासून लालखेरीज हिरवा, निळा, जांभळा आणि गुलाबी हेही रंग चालतात, अशी माहिती त्याने पुरवली आणि ते रबर काट्यावर ठेवले. ६१. रंग गुलाबी होता. तोही सौम्य गुलाबी नव्हे, तर जत्रेतल्या साखरेच्या म्हातारीच्या केसांचा गुलाबी.

मी पाच मिनिटे विचार केला, त्यातली चार मिनिटे दुकानात कोणी ओळखीचे नाही ना हे पाहण्यात गेली, आणि साडेतीन हजार रुपये मोजले.

घरी आल्यावर जुने रबर सोलले. प्लायवर राहिलेला जुना गोंद बोटाने चोळला की त्याच्या शेवया होतात आणि त्या शेवया सतरंजीत जातात, एवढेच त्या विषयावर सांगतो. पूर्वी खेळाडू उडनशील द्रव्यांचा उग्र गोंद लावत. २००८मध्ये त्यावर बंदी आली आणि आता पाण्यावर आधारलेला, दुधासारखा दिसणारा गोंद वापरतात, जो सुकून पारदर्शक होईपर्यंत शांत बसायचे असते. मी शांत बसलो. मग रबर चिकटवून कडेने कापले. नियमाप्रमाणे मुठीलगतचा, बोटांनी धरायचा भाग उघडा ठेवला तरी चालतो, त्यामुळे तिथे कात्री आणखी दोन बोटे आत नेली. कापलेले तुकडे काट्यावर टाकले तर ते भरले १९ ग्रॅम. म्हणजे पैसे मोजले ६१ ग्रॅमांचे आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा केराच्या टोपलीत. बॅट ठेवली. काटा १८२ म्हणाला, मग १८३ म्हणाला, मग पुन्हा १८२. पाच ग्रॅम मागितले होते आणि सहा-सात सुटले होते. लेकीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी मी जितका हरखलो होतो, त्याच्या जवळपास हरखलो.

जिमखान्यात त्या संध्याकाळी बॅट पाहून पहिला अर्धा तास कोणी खेळले नाही. आजोबांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि "कोणाच्या बारशाला निघालास?" एवढेच विचारले. मग सामना सुरू झाला. बॅट खरोखर हलकी लागत होती, मनगट मोकळे झाले होते, नाक खाली लोंबत नव्हते. अडचण इतकीच झाली की गेले कित्येक आठवडे १८९ ग्रॅम फिरवायला जो जोर लावायची सवय झाली होती तोच जोर आता लागत होता आणि फोरहँड एकामागून एक टेबलापलीकडे, भिंतीवर टांगलेल्या माजी अध्यक्षांच्या तसबिरीकडे चालले होते. "काका, आता थोडं वजन वाढवावं लागेल," तो अभियांत्रिकीचा मुलगा पूर्ण गांभीर्याने म्हणाला. बँकेच्या गृहस्थांनी सवयीने हिशेब ठेवला होता. चार गेममध्ये मी गुलाबी बाजू सहा वेळा वापरली. त्यातले तीन चेंडू जाळीत गेले, दोन बाहेर, आणि एक समोरच्याच्या टेबलावर इतका सुरेख पडला की आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो. बाकी सगळ्या वेळी डावीकडे चेंडू आला की हात आपोआप जुन्या वळणावर जाऊन पुढच्याच काळ्या बाजूने अडवत होता. म्हणजे जे मी हलके करून घेतले, ते बहुतांशी नुसते सोबत वाहून नेत होतो.

एक गोष्ट राहिली होती. घरचा काटा १८२ आणि १८३ यांत अजून डळमळत होता आणि मला खरे काय ते कळेपर्यंत चैन नव्हते. पुढच्याच रविवारी सौभाग्यवतींनी बांगड्या मोडून वीस ग्रॅमच्या करायला टाकायचे ठरवले होते, आणि या खेपेस माझे मत कोणी विचारले नव्हते, म्हणून मी पिशवी घेऊन सोबत गेलो. सराफाने जुन्या बांगड्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवल्या, घट सांगितली, घडणावळ सांगितली. मग मी पिशवीतून बॅट काढली आणि, हरकत नसेल तर, असे म्हणालो.

सराफाने ती दोन्ही हातांनी, दागिना घ्यावा तशी घेतली, काट्यावर आडवी ठेवली आणि चष्मा वर सरकवला. आकडे स्थिर झाले: १८२.६४. मंगळसूत्र मोजताना काळे मणी वजा करायचे असतात, त्या सवयीने असेल किंवा चेष्टेने असेल, पण चेहऱ्यावरची एक रेघ न हलू देता त्याने विचारले, "गुलाबी धरून सांगू की वजा करून?"

"धरून सांगा," सौभाग्यवती म्हणाल्या. "यांच्या मनगटाला कळतं."