‘मूळ पट्टीतच गाणार’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

कराओकेवरच्या गेल्या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवली आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: निवृत्त मंडळी हौसेने गातात, त्यांची टिंगल करणं कोतेपणाचं आहे. गाणं मूळ पट्टीत, म्हणजे मूळ गायकाच्याच सुराच्या उंचीवर, गाणं हाच त्याचा मान, पट्टी उतरवणं ही पळवाट. माईक शिट्टी मारतो तो साउंडवाल्यामुळे, गाणाऱ्यामुळे नाही. आणि वायरचा माईक असताना ब्लूटूथमुळे माणूस, लेखात म्हटलंय तसा, बेताल कसा होईल, हे लेखकाने एकदा समजावून सांगावं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. ट्रॅक (गाण्याची नुसती साथसंगत) मोबाइलवरून ब्लूटूथने स्पीकरला जातो आणि माईक वायरने थेट त्याच स्पीकरला लावलेला असतो, तेव्हा ट्रॅक उशिरा आला तरी गाणारा तो उशिरा आलेलाच ट्रॅक ऐकून गातो. त्यात ताल बिघडायचं कारण नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. ज्या माईकचा आवाज आधी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये शिरतो आणि तिथून ब्लूटूथने बाहेर पडतो, तिथे स्वतःचाच आवाज सेकंदाच्या साधारण पाचव्या भागाने मागून येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ही जवळजवळ अर्ध्या मात्रेची उधारी झाली. दुसरं ठिकाण म्हणजे पडद्यावरची अक्षरं. ती आवाजाच्या आधी रंगतात, आणि अक्षरांवर डोळा ठेवून गाणारा तेवढाच आधी घुसतो. उपाय म्हणजे पाठ असलेल्या गाण्यांना अक्षरं न बघणं, नाहीतर मोबाइल साध्या वायरने जोडणं. लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता पट्टी. इथे मात्र मी तसूभर हलणार नाही.

‘मूळ पट्टीचा मान’ ही कल्पना आपल्या संगीतात आली कुठून? पेटीवाला बैठकीत बसला की पहिला प्रश्न विचारतो, ‘पट्टी कोणती?’ गुरू काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गातात आणि त्यांची शिष्या काळी चारमध्ये. राग तोच राहतो, कुणाचा अपमान होत नाही. तेच नाट्यपदाचं. षड्ज, म्हणजे ‘सा’, ज्याचा त्याने ठरवायचा, हे आपल्याकडे बालवाडीचं ज्ञान आहे. फक्त हातात कराओकेचा माईक आला की तोच माणूस म्हणतो, ‘मी ओरिजिनल स्केललाच गाणार!’ आणि मग दुसऱ्या अंतऱ्यात तार सप्तकाच्या जिन्यावर त्याचा पाय घसरतो.

गंमत म्हणजे कराओकेचा जन्मच गाणाऱ्याला सांभाळून घेण्यातून झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए हा बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१मध्ये नाणं टाकून चालणारं त्याचं यंत्र आलं. (जनकत्वाचे दावेदार आणखीही आहेत, तो वेगळा विषय.) त्याने पेटंट घेतलं नाही. २००४मध्ये त्याला शांततेचं ‘इग नोबेल’ (नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं पारितोषिक) मात्र मिळालं: लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याची नवी पद्धत शोधल्याबद्दल! तेव्हा टिंगलीचा आरोप एकट्या माझ्यावर नको.

तर पट्टी कशी काढायची? मुखड्यावरून अजिबात नाही. मुखडा सगळ्यांनाच जमतो, फसवतो तोही तोच. अंतऱ्यातली सगळ्यात चढी ओळ ट्रॅकशिवाय म्हणा, मान न ताणता आणि भुवया न चढवता. जिथे सहज पोहोचलात तो सूर पेटीवर किंवा पेटीच्या अ‍ॅपवर शोधा. मग ट्रॅकमध्ये त्याच ओळीचा सूर कुठे आहे ते पाहा आणि दोहोंमधलं अंतर काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या धरून मोजा. तुमचा सूर तीन पट्ट्या खाली निघाला तर ट्रॅकची पट्टी उणे तीनवर ठेवायची. दोन-तीनपर्यंत ट्रॅक नीट वाजतो. त्यापलीकडे खाली गेलात की तबल्याचं घमेलं होतं, वर गेलात की बासरीची पिपाणी.

पुरुषाने बाईचं गाणं घेतलं की हिशेब आणखी मजेशीर होतो. समजा ट्रॅक काळी चारमध्ये आहे आणि तुमचा गळा काळी एकचा. खाली उतरत गेलात तर सात पट्ट्या होतात, वर चढलात तर पाचच. तुम्ही आपल्या सप्तकातच गाणार असता, त्यामुळे ट्रॅक वर नेला तरी चालतो, आणि पाचची मोडतोड सातपेक्षा कमी. त्याहून बरं म्हणजे पुरुषी पट्टीत बनवलेलाच ट्रॅक शोधणं. द्वंद्वगीताला मात्र औषध नाही. ज्याची चढी ओळ जास्त अवघड त्याची पट्टी धरायची, दुसऱ्याने निमूट तळघरात उतरायचं.

शिट्टीबद्दल अर्धं मान्य. स्पीकर गाणाऱ्याच्या पाठीशी ठेवून माईकचं तोंड त्या स्पीकरकडे करणं हा मांडणाऱ्याचाच दोष. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे हवा, माईकची शेपटी स्पीकरकडे. पण माईकची जाळी मुठीत धरणारा कोण? ती टीव्हीवर बघून आलेली स्टाइल आहे. गाण्याच्या बहुतेक माईकना जाळीखाली मागून आवाज घेणाऱ्या फटी असतात. समोरचं उचलायचं आणि मागचं गाळायचं काम त्या फटींमुळे जमतं. मुठीने त्या बंद केल्या की माईक चहूबाजूंचं ऐकू लागतो, स्पीकरचंही. शिट्टी सुरू! आणि ती थांबवायला माणूस काय करतो, तर घाबरून मूठ आणखी घट्ट आवळतो. धरायचा तो दांडा, ओठांपासून दोन-तीन इंचांवर, चढ्या सुराला पाच-सहा. टेबलावर उघडे पडलेले जास्तीचे माईक बंद ठेवायचे. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो.

आणि तो एको! तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीत, म्हणजे तुमचंही एकोचं बटण घड्याळातल्या तीनच्या जागी फिरवलेलं असणार. बटण शून्यापासून हळूहळू फिरवा, घुमारा ऐकू आला की एक टिचकी मागे या. निवेदनाच्या वेळी पूर्ण बंद, नाहीतर ‘अध्यक्ष महोदय दय दय’ चालू राहतं.

हौशी माणसांवर मी हसतो हे खरं, पण खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या बाजूनेही कुणी लिहायला हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असं मानक आहे. साधं समोरासमोर बोलणंच साठाच्या आसपास जातं. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सवलतीचे दिवस सरकार ठरवतं, सोसायटीचे सेक्रेटरी नव्हे. दहाला पाच कमी असताना ‘आता शेवटचं एक’ म्हणून सात मिनिटांची कव्वाली लावू नये, इतकंच.

जाता जाता तुम्ही टोमणा मारलात, ‘लेखकाची स्वतःची पट्टी कोणती?’ काळी एक. अंतऱ्यात पांढरी एक.