अडतीस बघे नव्हतेच

गेल्या आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने मला मोबाइल दाखवून विचारलं, "मॅडम, हे खरंय ना?" मेसेज जुनाच, दर काही महिन्यांनी फिरून येणारा: '1964 साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून होत असताना 38 शेजारी अर्धा तास खिडकीतून बघत होते. एकानेही पोलिसांना कळवलं नाही. गर्दी जितकी मोठी तितकी मदत कमी, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. शहरात माणुसकी मेली.' मानसशास्त्र शिकवणारी म्हणून याला सविस्तर उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं.

'38 जण बघत होते.' हा आकडा आला न्यूयॉर्क टाइम्सच्या 27 मार्च 1964 च्या पहिल्या पानावरून. त्याच बातमीच्या मथळ्यात 37 आणि मजकुरात 38 होते, तीन हल्ले झाले असंही लिहिलं होतं. प्रत्यक्षात हल्ले दोन झाले. पहिला 13 मार्चच्या पहाटे तीनच्या सुमारास, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्स वस्तीत, रस्त्यावर. किंकाळीने काहींना जाग आली. रॉबर्ट मोझर या शेजाऱ्याने वरच्या खिडकीतून "त्या मुलीला सोड" असं ओरडून सांगितलं आणि हल्लेखोर पळाला. किटी उठली, धडपडत इमारतीला वळसा घालून मागच्या दाराशी गेली. खिडकीतून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं की भांडण मिटलं आणि बाई चालत गेली. थोड्या वेळाने तो हल्लेखोर, विन्स्टन मोझली, परत आला आणि दुसरा हल्ला झाला तो मागच्या दाराच्या आत, जिन्यापाशी. रस्त्याकडच्या एकाही खिडकीतून ती जागा दिसत नाही.

दोघांचं वागणं मात्र कुठल्याही खुलाशाने धुऊन निघत नाही. समोरच्या इमारतीतल्या एका कर्मचाऱ्याने सुरा पाहिला आणि तो झोपायला गेला. जिन्याच्या वर राहणाऱ्या कार्ल रॉसने दार उघडलं, हल्ला पाहिला आणि दार लावून घेतलं. दोन माणसांची ही लाज अख्ख्या मोहल्ल्याच्या माथी मारली गेली.

2016 मध्ये मोझली तुरुंगात वारला. तेव्हा त्याच टाइम्सने लिहिलं की, सगळं कळत असूनही गप्प बसलेल्या 38 साक्षीदारांचं आपलं चित्र चुकीचं होतं. ही कबुली कोणी फॉरवर्ड करत नाही.

'एकानेही काही केलं नाही.' तेव्हा तिथेच राहणाऱ्या आणि शाळेत असलेल्या मायकेल हॉफमन यांनी पुढे शपथपत्रावर सांगितलं की, पहिल्या हल्ल्यानंतर त्यांच्या वडिलांनी पोलिसांना फोन केला होता. न्यूयॉर्कमध्ये 911 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक सुरू झाला 1968 मध्ये. त्याआधी ऑपरेटरला किंवा थेट ठाण्याला फोन लावावा लागे.

आणि किटीची शेजारीण सोफिया फरार. शेजारच्या बाईचा फोन आला तशी ही लहानखुरी बाई जिना उतरून गेली. मारेकरी अजून तिथेच असेल का, हे तिला माहीत नव्हतं. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने किटीला कुशीत धरून ठेवलं. किटी एकटी मेली नाही. मूळ बातमीत सोफियाला जागाच मिळाली नाही, याचा मला आजही राग येतो.

मोझली पकडला गेला तोही आठवड्याच्या आत आणि शेजाऱ्यांमुळेच. दुसऱ्या एका घरातून तो टीव्ही उचलून नेत होता. शेजाऱ्यांना संशय आला, एकाने पोलिसांना फोन केला आणि दुसऱ्याने त्याची गाडी सुरूच होऊ नये अशी व्यवस्था केली.

'गर्दी म्हणजे मदत नाही, हे सिद्ध झालंय.' इथे अर्धं खरं आहे. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लातानी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. मधेच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के फिट संपायच्या आत मदतीला निघाले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त 31 टक्के. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीथोडीच येते. पण न उठलेले बेफिकीर होते का? संशोधक आत गेले तेव्हा त्यांचे हात कापत होते, तळव्यांना घाम होता. "तो बरा आहे ना?" असं ते विचारत होते.

शिवाय ही मंडळी एकमेकांना पाहू शकत नव्हती. रस्त्यावर तसं नसतं. ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथली 219 भांडणं संशोधकांनी सीसीटीव्हीवर तपासली. दहांपैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त तिथे कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. एकेका माणसाची शक्यता घटली तरी माणसंच वाढलेली असतात, हा साधा हिशेब मेसेज विसरतो.

उरला 'माणुसकी मेली'चा मुद्दा. आपल्याकडे अपघातात लोक थबकतात त्यामागे बरेचदा पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती असते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. वर्गात हात वर करायला सांगितलं तेव्हा हे माहीत असलेल्या मुली तीनच निघाल्या.

म्हणून परवाच्या तासाला आम्ही सराव केला. एक मुलगी जमिनीवर पडली, बाकीच्या भोवती जमल्या. "कोणीतरी फोन करा" म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दुसरीने बोट दाखवून सांगितलं, "पिवळी ओढणी, तू 108 लाव. तू, चष्मेवाली, गेटवर जाऊन गाडीला रस्ता दाखव." पिवळ्या ओढणीवालीने वाक्य संपायच्या आत मोबाइल काढला.