शर्ली मॅन्सन म्हणजे उसना आवाज नव्हे

‘गार्बेज’ हा तीन अमेरिकी निर्मात्यांनी स्टुडिओत बसून जुळवलेला प्रकल्प होता, स्कॉटलंडची शर्ली मॅन्सन ही त्यासाठी आणलेली देखणी गायिका होती, त्यांचे संगीत ही निव्वळ यंत्रांची करामत होती आणि नव्वदचे दशक सरताच हा बँडही सरला, असा दावा रॉक संगीताच्या चर्चेत वरचेवर ऐकू येतो. त्याच्या एकेका भागाची तपासणी करणे इष्ट ठरेल.

पहिल्या भागात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. बुच विग, स्टीव्ह मार्कर आणि ड्यूक एरिक्सन यांनी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे ‘स्मार्ट स्टुडिओज’मध्ये कामाला सुरुवात केली, तेव्हा मॅन्सनचा पत्ताही नव्हता. ‘निर्वाणा’ या बँडच्या १९९१ मधील ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचा निर्माता म्हणून विगचे नाव सर्वतोमुखी झाले होते. इतरांच्या गाण्यांचे रिमिक्स करताना मूळ वाद्ये काढून टाकायची, गायकाचा आवाज तेवढा ठेवायचा आणि त्याभोवती नवी गिटार व नवे ताल रचायचे, या कामातूनच त्यांना स्वतःच्या बँडची कल्पना सुचली.

मात्र यावरून गायिका भाडोत्री होती, हा निष्कर्ष निघत नाही. १९६६ मध्ये एडिंबरा येथे जन्मलेली मॅन्सन ‘गुडबाय मिस्टर मॅकेन्झी’ या स्कॉटिश बँडमध्ये अनेक वर्षे कीबोर्ड वाजवत आणि साथीला गात होती. त्यानंतर ‘एंजलफिश’ या नावाने निघालेल्या अल्बममध्ये ती मुख्य गायिका झाली. त्यातील एका गाण्याचा व्हिडिओ मार्करने एमटीव्हीवर पाहिला आणि तिला बोलावणे गेले. पहिली चाचणी फसली. दुसऱ्या खेपेस तिघांनी आपल्या गाण्यांचे अर्धेकच्चे सांगाडे तिच्यापुढे ठेवले आणि जे सुचेल ते गा, असे सांगितले. त्या सांगाड्यांतूनच पुढे ‘व्हाउ’, ‘क्विअर’ आणि ‘स्टुपिड गर्ल’ ही गाणी आकाराला आली. १९९५ च्या पहिल्या अल्बमपासून गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे एकत्रित दिले जाते, ही बाब दावा करणारे सोयीस्करपणे विसरतात.

‘व्हर्जन २.०’ या १९९८ च्या अल्बममधील ‘स्पेशल’चे उदाहरण याहून बोलके आहे. ध्वनिमुद्रण सुरू असताना मॅन्सनच्या तोंडून ‘प्रिटेंडर्स’ या बँडच्या एका जुन्या गाण्याची ओळ सहज निघून गेली. वकिलांनी ती काढून टाकण्याचा सल्ला दिला, तेव्हा मॅन्सनने मूळ गाण्याची गायिका क्रिसी हाइंड हिच्याकडे परवानगी मागितली, ती मिळाली आणि ओळ कायम राहिली. वरून लिहून आलेले शब्द निमूटपणे म्हणणाऱ्या गायिकेच्या बाबतीत असे घडत नाही.

यंत्रांच्या आरोपाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण यंत्रे या मंडळींनी कधी लपवलीच नाहीत. ‘स्टुपिड गर्ल’चा ताल ‘द क्लॅश’ या बँडच्या ‘ट्रेन इन व्हेन’ गाण्यातून उचललेल्या ड्रम्सच्या नमुन्यावर उभा आहे आणि त्याबद्दल त्या बँडच्या जो स्ट्रमर व मिक जोन्स यांची नावे श्रेयात आहेत. ते गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. शिवाय एकाच थंड, किंचित कुत्सित सुरात गात राहून त्या सगळ्या गोंगाटाला माणसाचा चेहरा देणे हे काम सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारे यंत्र) करत नाही; माझ्या मते ‘गार्बेज’ ओळखू येतो तो याच सुरामुळे.

उरला शेवटचा भाग. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत या बँडचा सर्वांत वर गेलेला अल्बम म्हणजे ‘ब्लीड लाइक मी’. तो २००५ चा असून चौथ्या क्रमांकावर पोहोचला होता. त्याच वर्षी दौरा अर्ध्यावर थांबवून बँडने विश्रांती घेतली हे खरे, पण २०१२ मध्ये ‘स्टनव्हॉल्यूम’ या स्वतःच्या लेबलवर, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीतर्फे, तो परतला आणि २०१६, २०२१ व २०२५ मध्येही त्याचे नवे अल्बम आले. मधल्या काळात मॅन्सन ‘टर्मिनेटर’च्या दूरचित्रवाणी मालिकेत अभिनय करत होती. विग, मार्कर आणि एरिक्सन यांच्याकडे स्टुडिओचा अनुभव होता, ओळखी होत्या, बँडचे नावही होते, तरीही त्या वर्षांत तिघांनी तिच्या जागी दुसरी गायिका आणली नाही. २००७ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी एक नवे गाणे करायचे ठरले, तेव्हाही ते गायला मॅन्सनच होती.