४५ अक्षरांच्या ‘त्या’ शब्दाबद्दल खुलासा

ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस हा डॉक्टरांचा रोजचा शब्द आहे. उच्चाराची सुरुवात ‘प्न्यू’, अवयव (उच्चारातले तुकडे, सिलेबल) सहा. मुलांकडून पाठ करून घ्या.’

इंग्रजी स्पेलिंगमध्ये अक्षरं ४५, एवढं बरोबर आहे. पण सुरुवातीचा ‘पी’ मूक असतो. न्यूमोनिया म्हणताना आपण तो कुठे उच्चारतो? सहा हे शब्दाचे अर्थानुसार पडणारे तुकडे झाले. उच्चाराचे अवयव १९ आहेत: न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय-क्रो-स्कॉ-पिक्-सि-लि-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्. मुख्य जोर शेवटून दुसऱ्या, म्हणजे ‘ओ’वर. आपल्याकडे बहुतेकजण ‘व्हॉल्कॅनो’ म्हणतात, इंग्रजीत तिथे ‘के’ आहे. नेमकी तिथेच मुलं अडखळतात, कारण लगेच पुढे पुन्हा ‘को’ येतो.

आणि डॉक्टरांचा रोजचा शब्द? छे! १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो फुप्फुसाच्या आजाराचं नाव म्हणून मुद्दाम लांबलचक घडवला; पुढे शब्दकोशांनीही घेतला. दगडखाणीत वर्षानुवर्षं सिलिकाची धूळ श्वासातून जाऊन होणाऱ्या आजाराला डॉक्टर सरळ ‘सिलिकोसिस’ म्हणतात. अवयव चार. पाठ करायचाच तर हा करा, परीक्षेतही हाच येण्याची शक्यता जास्त.