"आयटीआय म्हणजे अभ्यास नाही" हा मेसेज टाकणाऱ्यांसाठी

दहावीचा निकाल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज ठरलेला. यंदा सिडकोतल्या काकांनी टाकला. "ज्यांना गणित-सायन्स झेपत नाही त्यांनी आयटीआय नाहीतर व्होकेशनल घ्यावं, अभ्यास नसतो, सगळे पास होतात, फक्त पुढचं शिक्षण बंद." काका, मी नाशिकच्या सातपूरला टर्नर (लेथ मशीनवर धातू कापायचा ट्रेड) केलाय, मग इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

गणित नसतं म्हणे. अहो टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावीत गणित आणि सायन्स घेऊन पास असाल तरच प्रवेश! आत गेल्यावर वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे, इंजिनिअरिंग ड्रॉइंग आहे. दहावीत मी टॅन थीटा नुसता पाठ केला होता, लेथवर टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता होत जाणारा भाग, कापायची वेळ आली तेव्हा कळलं की हे प्रकरण कशासाठी असतं, मोठ्या डायमीटरमधून छोटा वजा करायचा, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं, जे येईल तो टॅन, त्यावरून अँगल काढायचा आणि कंपाउंड स्लाइड, म्हणजे कापायचं हत्यार धरणारा लेथचा भाग, तेवढी फिरवायची. शाळेत स्टेप बरोबर असली तरी मार्क मिळायचे. इथे माझा पहिला जॉब, म्हणजे लेथवर कापलेला तुकडा, 0.05 मिलिमीटरने गेला, सरांनी मायक्रोमीटर लावला आणि काही न बोलता स्क्रॅपच्या पेटीत टाकला. दोन तास घासलं होतं हो त्याच्यावर.

सगळे पास? बारावी बोर्डाला 35 लागतात, आयटीआयच्या प्रॅक्टिकलला 60 टक्के. वर 80 टक्के हजेरी, ती नसेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत.

आता "व्होकेशनल". या मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्यात. एचएससी व्होकेशनल म्हणजे जुनं एमसीव्हीसी (किमान कौशल्य अभ्यासक्रम), ती परीक्षा राज्य मंडळच घेतं, इंग्रजी तिथेही कंपल्सरी, म्हणजे ती बारावीच आहे. आणि बायफोकल म्हणजे रेग्युलर सायन्सच, फक्त दुसरी भाषा आणि एक विषय सोडून त्या जागी इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्ससारखा 200 मार्कांचा विषय. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स बाकीच्यांचं तेच, एक धडा कमी नाही.

पुढचं बंद हे मात्र अर्धं खरंय, उगाच नाही कशाला म्हणू. बायफोकलला बायोलॉजी सोडली की मेडिकलला थेट जाता येत नाही. एचएससी व्होकेशनलला फिजिक्स-मॅथ्स नसतं म्हणून थेट इंजिनिअरिंगची डिग्री नाही. पण दोन वर्षांचा आयटीआय किंवा टेक्निकल व्होकेशनल झालं की डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर परत डिग्रीच्या सेकंड इयरला. अडचण वेगळीच आहे, ती कुणी सांगत नाही. फर्स्ट इयरचं मॅथ्स न शिकता डायरेक्ट आत जाता, इंटिग्रेशन समोर येतं आणि वर्गातली बाकीची पोरं ते वर्षभर आधी करून बसलेली असतात. माझा एम थ्री, म्हणजे मॅथ्सचा तिसरा पेपर, दुसऱ्या अटेम्प्टला निघाला.

आमच्या भाच्याचा फॉर्म अजून भरायचाय. तो इलेक्ट्रिशियन म्हणतोय, ताई बायफोकल म्हणतीये. काका, दोन दिवस तरी ग्रुपवर नवीन काही टाकू नका.