लोड टाकून बघू की, मालक

गेल्या शनिवारपासून माझ्या गाडीच्या मागच्या सीटला तंबाखूचा वास येतोय. बायको रोज विचारते, "कोण बसलं होतं?" मी रोज सांगतो, "लोड." पुढचं काही ऐकायच्या आत ती काच खाली करते.

झालं एवढंच, की टायर गुळगुळीत झाले होते. मूळचे १६५/८० आर १४. ते घ्यायला गेलो आणि २०५/६५ आर १५ घेऊन आलो, वर अलॉयच्या रिम. "गाडी कशी भरल्यासारखी दिसती बघा," दुकानदार म्हणाला. सोबत मेहुणा होता. मेहुण्यासमोर 'नको, महाग आहे' म्हणता येत नाही, त्यामुळे गाडी भरली.

गणित मी घरी येऊन केलं, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत, शेवटचा रिमचे इंच. रुंदी वाढली ४० मिलिमीटर. त्यातली निम्मी आतल्या बाजूला, जिथं स्प्रिंग आणि शॉकअप आधीच दाटीवाटीनं नांदतायत. चाकाचा व्यास वाढला जवळजवळ २८ मिलिमीटर. आता काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८३-८४ वर असते, म्हणजे दंडसुद्धा मीच भरणार. १५ च्याच रिमवर १८५/६५ घेतला असता तर व्यासात फरक पडला असता फक्त २ मिलिमीटरचा. हे दुकानात कुणी सांगितलं नाही. मेहुण्यानं तर नाहीच.

मागे माणसं बसली आणि गतिरोधक आला, की टायर घासून खर्रर्र. गतिरोधकाचंही सांगूनच टाकतो. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी हळूच चढते, हळूच उतरते. आमच्या घराकडं जाताना जे आहेत ते रस्त्यात म्हैस पुरून वर डांबर ओतल्यासारखे. त्यांना पांढरे पट्टेही नाहीत. कर मात्र मी वेळेवर भरतो.

टायरवाला म्हणाला, शॉकअप गेलेत. सोलापुरात होटगी रोडवरच्या गॅरेजमध्ये चारही शॉकअप बदलले. दहा हजारांच्या वर गेले. तरी खर्रर्र. होणारच! गाडीचं ओझं शॉकअप उचलतच नाही, ते स्प्रिंग उचलते. शॉकअपच्या नळीत तेल असतं, त्यातून बारीक भोकांचा दट्ट्या खालीवर होतो आणि स्प्रिंगचं नाचणं थांबवतो. चाक जड झालं की शॉकअपला जास्त राबावं लागतं, हे खरं. पण टायर घासतोय म्हणून शॉकअप बदलणं म्हणजे दार चौकटीला लागतंय म्हणून कडी बदलणं. मागचा एक तेल गाळत होता, हेही खरं. त्यामुळे मला मनापासून शिव्यासुद्धा देता येईनात.

शनिवारी पुन्हा गेलो. मिस्त्रीनं एकट्यानं गाडी फिरवून आणली. "कुठं घासालंय?" मी म्हटलं, मागे माणसं लागतात.

तिथं एका जुन्या टायरवर एक मामा पेपर वाचत बसले होते. पांढरी टोपी, हातात शेंगाचटणीची पुडी. त्यांची गाडी कुठली म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. त्यांना गाडीच नव्हती. रोज पेपर वाचायला येतात.

"मग लोड टाकून बघू की, मालक," मामा म्हणाले आणि चहाच्या टपरीकडं वळून ओरडले, "ए, या बे! साहेबाच्या गाडीत बसायचंय!"

मी 'नको, नको' म्हणेपर्यंत मागं तिघं आणि पुढं मामा. एकाच्या हातात अजून चहाचा ग्लास. चाळीस डिग्रीच्या उन्हात गॅरेजमध्ये बसलेल्या माणसांना एसी लागल्यावर जे होतं ते झालं. कुणी बोलेना. मग मागून एक समाधानी आवाज आला, "अजून थोडा वाढवा की."

मिस्त्री रस्त्यावर उभा राहून कान देणार होता. गतिरोधकावर खर्रर्र झालं. "ऐकलं का?" मी ओरडलो. मिस्त्री फोनवर बोलत होता.

"परत घ्या," मामा म्हणाले. परत घेतली. आता मागचे तिघं एकसुरात "खर्रर्र" म्हणून हसले, त्यामुळे गाडीचा आवाजच ऐकू आला नाही.

"मालक, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघितलाव ना?" मामांनी चटणीची पुडी सोडली. "एवढी उंच काठी पेलून चालायचं. ताकद खांद्यात नसतंय, गुडघ्यात असतंय. खड्डा आला की गुडघा वाकतंय, काठी सरळ. तो गुडघा म्हणजे तुमचा शॉकअप."

"बरोबर."

"पण बाराबंदी घातलेल्या त्या काठीवाल्याच्या पायात दोन नंबर मोठी चप्पल घातलाव, अन् चप्पल घोट्याला घासालंय म्हणून डॉक्टरकडनं गुडघा बदलून आणलाव. बदलायचं काय होतं?"

मी काहीच बोललो नाही. दोन दुकानं, दहा हजार, आणि खरं सांगणाऱ्याकडं सायकलसुद्धा नाही. पण ते सांगताना चटणी गिअरभोवती सांडत होती, ती अजून निघालेली नाही.

परत वळावं म्हटलं तर मामा म्हणाले, "सात रस्त्यापर्यंत चला की, रस्ता खराब हाय तिकडं, नीट कळतंय." रस्ता चांगला होता. सात रस्त्याला मागचे दोघं 'येतो मालक' म्हणून उतरले. तिसरा चौकाच्या पुढं उतरला, ग्लास सीटवर ठेवून. मामांनी एका गल्लीत वळायला लावलं, मग अजून एका. "इथंच सोडा," म्हणाले. घासायचा आवाज केव्हाच थांबला होता. लोड उतरला होता.

गॅलरीतून मामी वाकल्या. "लवकर आलाव? रिक्षा केलाव का?"

मामा वर न बघता जिना चढू लागले. मामी खाली आल्या, पदराच्या गाठीतून वीसची नोट काढली आणि काचेतून पुढं केली. "एवढ्याला एवढंच होतंय," असं दटावलंही.

मी घेतली.