स्पायडरमॅन टिकला तो न वटलेल्या चेकमुळे

स्पायडरमॅन सहा दशकं का टिकला असं विचारलं की लोक भिंतीवर चढणं आणि जाळ्याचे झोके सांगतात. माझ्या मते तो टिकला कारण त्याची प्रत्येक ताकद त्याला कुठे ना कुठे महागात पडते.

मार्च १९६३चा 'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा पहिला अंक बघा. कार्यक्रमाच्या मानधनाचा चेक घेऊन हा पठ्ठ्या मुखवट्यासकट बँकेत जातो. चेक 'स्पायडरमॅन'च्या नावाचा. कॅशियर ओळखपत्र मागतो. असा पोशाख काय, कुणीही घालेल! पैसे मिळत नाहीत. मग तो वृत्तपत्राचा मालक जेमसन याच्या अंतराळवीर मुलाचा जीव वाचवतो, तरी जेमसनचा पेपर त्याच्याच नावाने शंख करतो. याच अंकात तो फँटॅस्टिक फोर या सुपरहिरोंच्या चमूकडे नोकरी मागायला जातो, तर तिथे पगारच नाही. घरी त्याला वाढवणाऱ्या मे काकूंना भाडं भरायची चिंता. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटकोने सगळा पाया इथे घालून ठेवला.

(ऑगस्ट १९६२च्या, म्हणजे या मालिकेआधी दुसऱ्या मासिकात आलेल्या मूळ ११ पानी कथेत 'मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे प्रसिद्ध वाक्य त्याच्या बेन काकांच्या तोंडी नाहीच. ते शेवटच्या चौकटीतलं निवेदन आहे. काकांच्या तोंडी ते नंतर आलं.)

जाळ्याचंही तेच. कॉमिकमध्ये पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, जाळ्याचं रसायन स्वतः बनवतो, मनगटावरच्या यंत्रात भरतो आणि मधली दोन बोटं तळव्यावर दाबून सोडतो. हाताची ती खूण आली ती इथून. ऐन मारामारीत रसायन संपतं, कारण भरायला वेळच मिळालेला नसतो. २००२च्या सिनेमात जाळं थेट शरीरातून आलं. सोय झाली, पण गंमत गेली.

फेब्रुवारी १९६६चा ३३वा अंक मात्र चित्रकलेसाठी बघावा. स्पायडरमॅन अवजड यंत्राखाली अडकलाय, छतातून पाणी गळतंय, काकूंचं औषध समोर हाताच्या अंतरावर पडलंय. तो जोर लावतो तसतशा डिटकोच्या चौकटी मोठ्या होत जातात आणि यंत्र उचललं जातं तेव्हा एकच चित्र पूर्ण पानभर पसरतं. इथे शत्रू कोणीच नाही, नुसतं वजन आहे.

आणि जून १९७३चा १२१वा अंक. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरची प्रेयसी ग्वेन हिला पुलावरून फेकतो, जाळं तिचा पाय पकडतं, नेम अचूक. पण तिच्या मानेपाशी बारीक अक्षरांत 'स्नॅप' लिहिलंय. वेगात पडणारं माणूस एका झटक्यात थांबवलं की मान सहन करत नाही. वाचवायला गेलेलं जाळंच घात करतं.

हा हिशोब मोडला की कथा फसते. २००७मध्ये काकूंचा जीव वाचवायला सैतानाशी सौदा करून पीटरचं लग्नच पुसून टाकलं. वाचक भडकले ते योग्यच होतं. वर्षानुवर्षं घडलेलं नातं जादूने गायब, आणि पीटरला त्याची आठवणसुद्धा नाही! मग त्याने किंमत मोजली कुठे?

पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा हा डिटकोचा आणखी एक हुशार निर्णय. आत कोण आहे ते दिसतच नाही, म्हणून २०११मध्ये माइल्स मोरालेस हा नवा, कृष्णवर्णीय स्पायडरमॅन आला तेव्हा पोशाख त्यालाही चपखल बसला.

नव्याने वाचणाऱ्यांनी पहिला अंक वाचून थेट ३१ ते ३३ घ्यावेत. १२१ त्यानंतर, आणि त्याआधी ग्वेन असलेले थोडे अंक वाचून घ्या, नाहीतर तो 'स्नॅप' नुसता आवाज वाटेल.